पेरलेलं सांगायचं नाही

त्या उन्हाळ्यात ऊन असं पडलं होतं की कावळे एकमेकांची सावली भाड्यानं घेत होते, आणि ग्रंथालयामागच्या पडीक जागेत खुरपं जमिनीला टेकवलं की चर्र आवाज यायचा. अशा उन्हात शाळेचं तोंडसुद्धा न पाहिलेली चिल्लीपिल्ली गोळा करायची आणि त्यांच्याकडून बाग करून घ्यायची, हे काम जो पत्करेल त्याच्या डोक्याचा एखादा स्क्रू सैल असणारच. मावशीचे बरेच सैल होते.

मावशी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागातून निवृत्त झालेली. जन्मभर ती लोकांना सांगत आली होती, "माणूस निघालाय. वाटेतच आहे. तुमच्या गल्लीत वळलासुद्धा असेल, बघा!" माणूस तेव्हा समोरच्या बाकड्यावर पाय पसरून पेपर वाचत असायचा. पण पलीकडचा रागावलेला आवाज निवायचा, लोक दारात जाऊन वाट बघायचे, आणि वाट बघता बघता रागाचं कारणच विसरायचे. असं हे कसब निवृत्तीनंतर गंजायला लागलं होतं. तेवढ्यात ग्रंथालयानं 'मुलांची उन्हाळी बाग' काढली आणि मावशीला एकदम नवी गिऱ्हाइकं मिळाली.

ग्रंथपालांचा बागेवर विश्वास होता तो पाट्यांपुरता. त्यांनी सुबक अक्षरात पाट्या रंगवून घेतल्या. 'वाफ्यात पाय देऊ नये.' 'पाणी जपून वापरावे.' 'झाडे उपटू नयेत.' पोरांना वाचता येत नव्हतं, हा त्यातला किरकोळ दोष.

"साहेब, 'नको' म्हटलं की पोरं पहिल्यांदा तेच करतात," मावशी म्हणाली. "माझ्यावर सोडा."

आणि खरंच, मावशीच्या तोंडून कधी 'नको' आलं नाही. वाफ्यात पाय का द्यायचा नाही? तर खाली गांडुळांचे दिवाणजी झोपलेत, छत कोसळलं तर मिशी चेंगरते. मुळा लवकर का उपटायचा नाही? तर तो जमिनीखाली दाढी करत असतो, अर्धवट दाढीत बाहेर काढला तर लाजेनं पांढरा पडतो. टोमॅटोला जास्त पाणी घातलं की सर्दी होते आणि त्याच्या शिंकांनी अख्खी गल्ली जागी होते. पोरं डोळे विस्फारून ऐकायची आणि चवड्यांवर चालायची. आयांना नवल वाटायचं. घरी वाघ असलेली कार्टी बागेत मांजरं कशी होतात?

फक्त घेवड्यापुढं मावशीनं हात टेकले होते. घेवड्याचा दाणा पेरला की पोरं दुसऱ्या दिवशी तो उकरून बघायची, उगवलाय का ते. नाही उगवला, म्हणून परत पुरायची. तिसऱ्या दिवशी परत उकरायची. त्यात 'वकील' आघाडीवर. हे एका पोराचं टोपणनाव, कारण तो प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायचा. त्याचा दाणा इतक्यांदा वरखाली झाला की त्याला जमिनीपेक्षा वकिलाच्या खिशाची जास्त सवय झाली. दोनदा पेरलेलं सगळं वाया गेलं. तेव्हा मावशीनं पोरांना सावलीत गोल बसवलं, आवाज खाली आणला आणि आपल्या आयुष्यातली सगळ्यात बळकट थाप रचली.

"प्रत्येकानं वाफ्यात आपापला कोपरा धरायचा. काय पेरलं, कुठं पेरलं, हे कुणालाही सांगायचं नाही. मातीत घातलं की एकाचे शंभर होतात. पण कुणाला सांगितलं, की बी लाजतं आणि खाली खाली जातं. पार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उगवतं. तिकडचेच लोक खातात मग."

"आईला पण नाही सांगायचं?" मुंगीनं विचारलं. ही मुंगी म्हणजे बागेतली सगळ्यात लहान पोर. काहीही न्यायचं असलं तरी ती एकेक वस्तू न्यायची; पानं गोळा करायला सांगितली तर एक पान, मग परत दुसरं पान.

"आईला पण नाही."

"तुला?" वकिलानं विचारलं.

आणि इथं मावशीला चेव चढला. थाप रचणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळलं असतं तर जगात एवढ्या थापा झाल्या नसत्या. "मला तर मुळीच नाही!" ती म्हणाली. "मी मुद्दाम विचारीन. गोड गोड बोलीन. 'अगं, ती थाप होती,' असंसुद्धा म्हणीन. तेव्हा तर तोंड अगदी शिवून टाकायचं. ती तुमची परीक्षा!"

पोरांनी ओठांवर बोटं ठेवली. त्या दिवसापासून एकाही पोरानं माती उकरली नाही. घेवडा तरारून वर आला. ग्रंथपाल येऊन बघून गेले आणि जाताना 'उपटू नयेत'च्या पाटीकडं असं बघितलं, जणू तिनंच हे केलं होतं.

त्यानंतर एका दुपारी, पोरांना घरी न्यायची वेळ व्हायच्या आतच, मुंगीची आई पळत फाटकातून आली. ती धुलाईच्या दुकानात इस्त्रीवर असायची. अंगावर कामाचा अॅप्रन तसाच, पायांत दोन वेगवेगळ्या चपला, आणि हातात औषधाची एक रिकामी बाटली.

"मुंगे! यातल्या गोळ्या कुठायत?"

मुंगी घेवड्याच्या मांडवाखाली, सावलीत लवंडली होती. तिनं अर्धवट डोळे उघडले, बाटलीकडं बघितलं आणि ओठ मिटले.

"काय झालं?" मावशीनं विचारलं.

"आजोबांच्या गोळ्या. छातीच्या. सकाळी बाटलीत होत्या. शेजारच्यांचा फोन आला, म्हातारा गोळी घ्यायला गेला तर बाटली रिकामी. घरात दुसरं कोण आहे? हिचा बाप ट्रक घेऊन बाहेरगावी. मी कामावर. हीच!" आईनं पोरीला दंडाला धरून उठवलं. "खाल्ल्यास का? बोल! गुलाबी आहेत म्हणून खाल्ल्यास? गोड लागल्या?"

मुंगी बोलेना. मान हलवेना. तिला पेंग येत होती. उन्हानं येत होती की कशानं, कोण सांगणार? आईनं तिला खांद्यावर टाकलं आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्याकडं धावत सुटली. मावशीनं बाकीच्या पोरांना ग्रंथपालांच्या अंगावर लोटलं, ते "अहो, पण मला यांचं..." म्हणेपर्यंत ती फाटकाबाहेर होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आवाज न चढवता घाई करत होत्या. बाटलीवरचं नाव वाचून त्यांचा चेहरा बदलला. मुंगीच्या बोटाला ठोके मोजायचा चिमटा लावला, छातीला नळी लावून ऐकलं.

"ठोके जरा हळू वाटतायत. पेंगतेय म्हणूनही असेल. खाल्ल्या असतील तर आत्ता, या घटकेला पोट रिकामं करावं लागेल. घशातून नळी घालून. एवढ्या लहान पोरीला ते सोपं नसतं, आणि खाल्ल्या नसतील तर उगीच जीवघेणं. मला फक्त हे कळू द्या, खाल्ल्या की नाही. तपासणीचं उत्तर यायला संध्याकाळ होईल. तेवढी वाट मी बघू शकत नाही."

"बोल गं, बाळा," आई म्हणाली. मग, "बोल, कार्टे!" मग ती भिंतीला टेकून रडायलाच लागली.

मुंगीनं आईकडं बघितलं. मग मावशीकडं. आणि मावशीकडं बघून तिनं हळूच, अगदी कटातल्या माणसानं करावं तसं, बोट ओठांवर ठेवलं.

 एका क्षणात मावशीला सगळं दिसलं. 'गोळ्या संपत आल्या, दुकानात येईनात, आता काय करायचं,' असं त्या घरात गेले काही दिवस चाललं असणार. मोठी माणसं डोक्यावरून बोलतात, आणि पोरं खाली उभी राहून सगळं ऐकतात. मुंगीनं ऐकलं. आणि एकाचे शंभर करायची जागा तिला ठाऊक होती.

"तू पेरल्यास ना?" मावशी तिच्याशेजारी बसली. "मुंगे, आजोबांच्या गोळ्या बागेत पेरल्यास, हो ना?"

मुंगीचे डोळे चमकले. ओठ घट्ट.

"सांग बाळा. सांगितलं तरी चालतं. ती थाप होती गं. मी खोटं बोलले होते. बी लाजत नाही, खाली जात नाही, काही नाही. थाप होती सगळी!"

मुंगी गालात हसली. पेंगुळलेल्या डोळ्यांनी, मोठ्या अभिमानानं हसली. मावशी परीक्षा घेत होती, आणि ती पास होत होती.

मावशीनं शपथ घेतली. डोळ्यांत पाणी आणलं. आणलं कसलं, ते आपसूकच आलं. हात जोडले. ती जितकी कळवळून बोलली, तितकी पोर जास्त पक्की झाली. जन्मात पहिल्यांदा मावशी निव्वळ खरं बोलत होती, आणि खोलीत तिच्यावर विश्वास ठेवणारं कुणी नव्हतं. डॉक्टरीणबाईंचाही विश्वास नव्हता. "पेरल्या म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"आणते," मावशी म्हणाली. "नळी घालू नका. थोडं थांबा. घेऊन येते."

"फार थांबणार नाही मी."

मावशीचे गुडघे दुखरे होते, जिना चढताना ती प्रत्येक पायरीला एक शिवी द्यायची. पण त्या दुपारी ती जी सुटली, की गल्लीतली कुत्री भुंकायची विसरून बाजूला झाली म्हणतात. बागेत ग्रंथपाल पोरांच्या घोळक्यात उभे होते, एका पोरानं त्यांच्या खिशात गोगलगाय ठेवली होती, आणि काय करावं हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

"मुंगीचा कोपरा कुठला?" मावशीनं धापा टाकत विचारलं. "पोरांनो, कुठला? पटकन सांगा!"

पोरांनी ओळीनं ओठांवर बोटं ठेवली.

"अरे, ती थाप होती!"

"तू म्हणालेलीस, तू असंच म्हणणार," वकील म्हणाला.

मग मावशीनं विचारणं सोडलं. ती वाफ्यात गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी उकरायला लागली. तरारलेला घेवडा मुळासकट बाजूला फेकला. पोरं किंचाळली. 'भोंगा' नावाचं एक पोर होतं, त्यानं असा सूर लावला की ग्रंथालयात वाचणारे खिडकीत आले. "माझं! माझं ते!" कुणी तिचा पदर ओढला, कुणी पाठीवर चापट्या मारल्या. मावशी उकरत राहिली. मातीतून काय काय निघालं! एक किल्ली. रिमोटमधली बॅटरी. कुणाचा तरी दुधाचा दात. निम्मं बिस्किट, त्यावर मुंग्या. केसांची पिन. आजीची कवळी, वरची. एकट्या मुंगीनंच नव्हे, सगळ्यांनीच घरात जे कमी पडत होतं ते आणून पेरलं होतं. ग्रंथपाल ती कवळी रुमालात धरून उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदा पाटीवर नसलेलं काहीतरी निघालं.

"बाई, हे तुम्ही यांना सांगितलंत?"

"मीच," मावशी म्हणाली. "आता उकरा माझ्याबरोबर."

ते खरंच खाली बसले. पांढरी विजार, घडीचा शर्ट. कुंपणाकडच्या कोपऱ्यात त्यांनाच पहिली गुलाबी गोळी सापडली. मग दुसरी. एका ओळीत, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खोल, दोन गोळ्यांत वीतभर अंतर. मावशीनं शिकवलं होतं अगदी तसं. एकेक गोळी घेऊन, एकेक खड्डा करून, एकेकीला पाणी घालून. पण ते पाणीच नडलं. काही गोळ्या अर्ध्या विरघळल्या होत्या. काहींच्या जागी फक्त गुलाबी चिखल होता.

मावशीनं ती माती, गोळ्या, चिखल, सगळं एका कुंडीत भरलं आणि परत धावली.

डॉक्टरीणबाईंनी नळी ट्रेमधून काढून तयार ठेवली होती. मुंगीला टेबलावर झोपवलं होतं, आई तिचे पाय धरून उभी होती. कुंडीत डोकावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळ्या आहेत यात?"

"या एवढ्या आहेत. बाकीच्या विरघळल्या."

"विरघळल्या की खाल्ल्या?"

 बाटलीत किती होत्या हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चिखलाला काही विचारायची सोय नव्हती.

तेवढ्यात मुंगीनं मान वळवली. कुंडी बघितली. तिच्या ओळी, तिचे खड्डे, तिची माती, सगळं एकात एक कालवलेलं. ती उठून बसली. डोळ्यांतली पेंग कुठल्या कुठे पळाली.

"तू उकरलंस?"

"हो बाळा."

"उकरलंस! सगळं उकरलंस!" असा टाहो त्या दवाखान्यानं दात काढतानासुद्धा ऐकला नसेल. "आता आजोबांच्या गोळ्या कशा येणार? मी कुणाला नव्हतं सांगितलं! आईला पण नव्हतं सांगितलं!"

डॉक्टरीणबाई चटकन पुढं आल्या. "मुंगे, मला एक सांग. यातली एखादी तू खाल्लीस? एखादी, चुकून? चाटून बघितलीस?"

मुंगीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू जगात एवढं खुळं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. "खायच्या कशा? आजोबांच्या होत्या! खाल्ल्या तर पेरायच्या काय?"

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं, घड्याळाकडं बघितलं, आणि नळी परत ट्रेमध्ये ठेवली. रडण्यानं ठोके चांगले धावत होते. संध्याकाळपर्यंत मुंगीला तिथंच ठेवलं, तपासणीचं उत्तर आलं, त्यात काही नव्हतं. आजोबांसाठी डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातल्या गोळ्यांची एक पट्टी दिली. आई मावशीशी भांडली नाही. तिनं फक्त कुंडी मावशीच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही घेऊन जा."

बाग बंद झाली नाही. होईल असं मावशीला वाटलं होतं, आणि झाली असती तर बरं, असंही वाटलं होतं. ग्रंथपालांनी तेवढी एक अट घातली. यापुढे पोरांना जे काही सांगायचं ते खरं सांगायचं.

दुसऱ्याच सकाळी वकिलानं मावशीला कुंपणाशी गाठलं आणि उलटतपासणी सुरू केली.

"मुळा दाढी करतो?"

"नाही. ती मुळं असतात. पाणी पितात."

"गांडुळांचे दिवाणजी?"

"दिवाणजी नाहीत. गांडुळं असतात."

"त्यांना मिशी?"

"नसते रे."

प्रत्येक उत्तराला पोरांचे चेहरे एकेक इंचानं उतरत होते. भोंगा वाफ्याकडं गेला आणि सरळ मधोमध उभा राहिला. खाली कुणी झोपलेलं नव्हतं, मग काय? दुपारपर्यंत सगळे वाफे तुडवून निघाले. मावशीनं 'नको' म्हणून बघितलं. पहिल्यांदाच म्हणत होती, त्यामुळं तो शब्द तिच्या तोंडात नीट बसेना.

काही दिवसांनी आई मुंगीला घेऊन आली. मुंगी फाटकाच्या आत यायला तयार नव्हती, आईचा हात धरून उभी राहिली.

"हिला बागेत सोडायला नाही आले," आई म्हणाली. "मावशी, ही कशावरच विश्वास ठेवीना. भात गरम आहे म्हटलं की 'थाप'. बाबा परवा येणार म्हटलं की 'थाप'. काल आजोबांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, मी बरा झालो की तुला डोंगरावर नेईन, दोघं वरपर्यंत चढू. तर ही त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि म्हणाली, 'आजोबा, थाप ना?'" आईनं मुंगीला मावशीसमोर पुढं केलं. "ते भिंतीकडं तोंड करून झोपले. तुम्ही हे तिच्या डोक्यात घातलंत. तुम्हीच काढा. तिला सांगा, ते बरे होतील."

मावशी मुंगीसमोर खाली बसली. गुडघे कुरकुरले.

"आजोबा बरे होणार?" मुंगीनंच विचारलं. ती मावशीच्या डोळ्यांत बघत होती. थाप मारताना मावशीच्या डाव्या भुवईत एक लबाड गाठ यायची, ती आता सगळ्या पोरांना ठाऊक झाली होती. मुंगी तीच शोधत होती.

आईनं मावशीकडं बघितलं. तिच्या बघण्यात विनवणी होती आणि धमकीही. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! एवढी माणसं फोनवर थंड केली होती, ही तर एवढीशी पोर. 'हो' म्हटलं असतं तर आई समाधानानं गेली असती. भुवईची गाठ कशी लपवायची, हे शिकायला मावशीला एक घटका पुरली असती.

"नाही," ती म्हणाली. "पहिल्यासारखे नाही होणार."

"मावशी!"

"गोळ्या घेतल्या की त्यांची छाती चालत राहते. पण दमतात ते. डोंगर नाही चढता येणार आता त्यांना."

"थोडासा पण?"

"थोडासा पण नाही."

मुंगी मावशीच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. भुवई बघितली. परत बघितली. मग तिचा खालचा ओठ पुढं आला, आणि ती आवाज न करता रडायला लागली.

"हे सांगायला आणलं होतं का मी तिला?" आईनं मुंगीला मागं ओढलं. "लाज नाही वाटत तुम्हाला? आधी खोटं बोलून मारायला निघालात, आता खरं बोलून!"

मावशीनं मान खाली घातली.  मागं वाफ्यात भोंगा कुणाला तरी पाण्यानं भिजवत होता, कुणीतरी तिला हाका मारत होतं, आणि तिला उठता येईना.

मुंगीनं तळहातानं नाक पुसलं आणि आईचा अॅप्रन ओढला.

"आई."

"काय?"

"मग आपण इथं काय करतोय?" मुंगी म्हणाली. "ते घरी एकटेच आहेत."

 मुंगी आईचा हात धरून तिला ओढत रस्त्यापर्यंत घेऊन गेली, आणि वळणावर आईला तिच्यामागं जवळजवळ पळावं लागलं.